पोकलेन चालवून बघितलं

जुनं पोकलेन विकत घेताना ते नीट तपासून घ्यावं, असं सगळेच सांगतात. किती नीट, ते मात्र कोणी सांगत नाही.

महावीरशेठ आमचे शेजारी. शहाद्याला त्यांचं भांड्यांचं दुकान आणि घर इकडे लोणखेड्याला, आमच्या भिंतीला भिंत लावून. मी इथल्याच एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका सकाळी मी कुंडीतली माती उकरत बसलो होतो. भिंतीवरून शेठांचं डोकं वर आलं आणि म्हणालं, "सर, पोकलेन लेवानं का?"

मला आधी वाटलं, कुंडीसाठी विचारतायत.

मग त्यांनी समजावलं. जिकडेतिकडे शेततळी, पाइपलाइनी, प्लॉट पाडणं चाललंय, आणि मशीन काही मिळत नाही. लोक नंबर लावून बसलेत. नवं मशीन आपल्या आवाक्यातलं नाही, पण जुनं आणि चांगलं मिळालं तर दोघांच्या पुंजीत बसेल. शेठांचे पणजोबा राजस्थानातून आले, पण शेठ अहिराणी माझ्यापेक्षा सफाईने बोलतात. ते म्हणाले, "माल ओयखानं काम तुमनं, सौदा करानं काम मन्हं."

"शेठ, मी पोकलेनमधलं काय ओळखणार?"

"तुम्ही बेडूक फाडतस ना? मंग? हाई बी तसंच. आत काय शे, ते देखानं."

बेडूक अभ्यासक्रमातून केव्हाच गेला. तरी माझ्या विषयाचा व्यवहारात उपयोग आहे असं इतक्या वर्षांत प्रथमच कोणीतरी म्हणत होतं. मी हो म्हणालो.

रूपालीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, विरोध केला नाही. ती पतसंस्थेत काम करते, तिला माणसं हळूहळू बुडताना बघायची सवय आहे. ती एवढंच म्हणाली, "मिक्सर घेताना तुम्ही तो उघडायला लावला होता. त्या दुकानदाराने आपल्याला दुकानाबाहेर काढलं होतं. पोकलेनवाल्याकडे मी येणार नाही."

बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. समोरचे हिलालनाना पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथे ते बागेच्या खात्यात होते. पण कारखाना म्हटला की यंत्रं आली, आणि यंत्रं आली की नाना आले. ते टॉवेल खांद्यावर टाकून आमच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "सर, रंग देखू नका. दात देखा. बैलना बी दात देखतस, पोकलेनले बी दात शेतस."

हे अगदीच चूक नव्हतं. पोकलेनच्या बकेटीला खरोखर दात असतात. पण नानांनी पुढे बकेटीवर दगड मारून नाद ऐकायला सांगितलं, मशीनसमोर नारळ ठेवून तो कुठल्या बाजूला कलंडतो ते बघायला सांगितलं, आणि अमावास्येला तपासलेलं मशीन घेऊ नये असंही सांगितलं. कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही सल्ले सुरू झाले. एकाने कार तपासायची माहिती पाठवली, एकाने गाय तपासायची. मी सगळ्यांचे आभार मानले आणि मोबाइलवर मेकॅनिक लोकांचे व्हिडिओ बघत अभ्यासाला बसलो. अभ्यास मात्र मी मनापासून केला. पुढे जे काही झालं ते माझ्या अज्ञानामुळे झालं असं कॉलनीत बोललं जातं. तसं नाही. ते ज्ञानामुळे झालं.

विसरवाडीला हायवेला लागून एका ढाब्यामागे जुनी मशीनं उभी असतात. शेठांच्या गाडीने आम्ही तिथे सकाळीच पोचलो. पहिला विक्रेता गॉगल लावलेला होता. त्याने आम्हाला एका लखलखीत पिवळ्या पोकलेनपुढे उभं केलं आणि म्हणाला, "एकदम कंडिशनमधला माल, साहेब. डॉक्टरांनी वापरलेलं आहे."

डॉक्टरांना पोकलेन कशाला लागलं, हे मी विचारलं नाही. मी सरळ वर चढलो. तासांचं मीटर म्हणत होतं की मशीन जेमतेम चाललंय. पण पायाखालच्या पेडलचं रबर झिजून आतलं लोखंड चमकत होतं. मग मी इंजिनाला हात लावून बघितला आणि चटकन मागे घेतला. इंजिन थंड असताना एका दमात सुरू होतं का, हे बघायचं असतं. आधीच तापवून ठेवलं की ती खोड लपते.

"सकाळी सुरू केलं होतं का?" मी विचारलं.

"नाही साहेब. उन्हाने तापलंय."

मशीन चिंचेच्या दाट सावलीत उभं होतं. मी बूमपाशी गेलो. बूम म्हणजे त्याचा तो मोठा हात. त्याच्या वाकणावर रंग जरा जास्तच जाड वाटला, म्हणून नखाने खरवडला. खाली वेल्डिंगचा जुना सांधा निघाला आणि सांध्याशेजारी नवीन चीर. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजाची मला सवय आहे. मी म्हणालो, "हा हात एकदा मोडलेला आहे आणि पुन्हा मोडायला आलाय!"

ढाब्यावर चहा पीत मशीन घ्यायला थांबलेली साक्रीकडची मंडळी होती. त्यांनी कप तसेच ठेवले आणि गाडीत बसून निघून गेली. विक्रेत्याने गॉगल काढला. त्याचे डोळे पहिल्यांदाच दिसले आणि ते गॉगलमध्येच बरे होते.

शेठ मात्र खूश. गाडीकडे जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सर, तुम्ही तं हिरा शेतस!" इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं, हे मी नोंदवून ठेवतो.

हायवेवरच थोडं पुढे, शेवटाला, एक पोकलेन चिखलाने माखलेलं उभं होतं. त्याला रंग नव्हता, पाटी नव्हती, बकेटीला एक शेळी बांधली होती. मालक नवलसिंग, नवापूरकडचा, जमिनीकडे बघून बोलणारा माणूस. मशीनच्या साखळीवर त्याचा ऑपरेटर फुलसिंग तंबाखू मळत बसला होता.

नवलसिंग म्हणाला, "चांगलं आहे असं मी सांगणार नाही साहेब. काळा धूर टाकतं. ताकद राहिली नाही. लोक काम अर्धं टाकून मला हाकलतात. कोणी घेतलं तर देऊन टाकतो आणि सुरतेला जातो. तिथं दुसऱ्याची गाडी चालवायची बोली झालीये."

"आणि घरचे?" मी विचारलं.

"ते इथंच. बघू कसं जमतं."

शेठांनी लगेच तोंड वाकडं केलं. ही त्यांची धंद्यातली रीत. माल पसंत पडायच्या आधीच ते नाराज होऊन घेतात, म्हणजे पुढे वेळ जात नाही. मी तपासायला लागलो. इंजिन गार होतं. एका दमात सुरू झालं. ऑइलची पट्टी बाहेर काढली. ऑइल काळं, पण दुधाळ नाही, म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही. चेन ज्या चाकावरून फिरते त्याचे दात अजून जाड. झिजलेले असते तर आकडीसारखे टोकदार झाले असते. फुलसिंगला बकेट जमिनीवरून जराशी उचलायला लावून मी ती दोन्ही हातांनी हलवून बघितली. सांध्यांत खडखड नव्हती. हायड्रोलिकचे चकचकीत दांडे बोटाने चाचपले. ओरखडा नाही, तेल पाझरत नाही. मशीन गोल फिरवलं तर कुरकुर नाही. मी चकित होत चाललो होतो. शेळीसुद्धा तब्येतीने बरी होती.

राहता राहिला काळा धूर. मी एअर फिल्टर काढायला लावला. त्यातून इतकी धूळ पडली की अर्धा विसरवाडी-नवापूर रस्ता त्यात असावा. फुलसिंगने तो झटकला, हवा मारून आणला, परत बसवला. मशीन सुरू केलं. धूर करडा झाला, मग विरळ झाला, मग जवळजवळ दिसेनासा झाला.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मला ते आज कळतं. तेव्हाही शेठ माझ्या पायावर पाय देऊन तेच सांगत होते. पण ज्याला सगळ्यांनी नापास ठरवलंय, अशा पोराचा पेपर तपासताना एकेक उत्तर बरोबर निघत गेलं, तर मास्तरने काय करायचं?

"नवलसिंगभाऊ," मी मोठ्या आवाजात म्हणालो, "तुमच्या मशीनला काहीही झालेलं नाही. फक्त त्याला श्वास घेता येत नव्हता. हे उत्तम मशीन आहे!"

शेठ खोकले. मग आणखी खोकले. मग खाली बसले.

गंमत अशी की नवलसिंगचा विश्वास बसला नाही. "आज चाललं असेल साहेब. जमिनीत बकेट घातली की परत बसेल," तो म्हणाला. ते ऐकून शेठ उठून उभे राहिले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "चालवी देखूत. दिवसभर खंदाले लावूत. काही ना काही निघीच, मंग भाव मी देखी लेसू." नवलसिंगला खात्री होती की मशीन बिघडतं, शेठांना आशा होती की ते बिघडेल, आणि मला ठाऊक होतं की ते बिघडणार नाही. अशा तिघांच्या एकमताने चाचणी ठरली. आमच्या दोघांच्या घरांमागे मोकळा प्लॉट आहे, अर्धा माझा, अर्धा शेठांचा. तिथेच खोदायचं. ट्रेलरचं भाडं आमच्याकडे.

"खोदायचं असेल तर परवानगी काढा," रूपालीने सांगितलं. मी एका कार्यालयात गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. तिथली माणसं सज्जन होती आणि त्यांची चूक नव्हती. टेबलामागच्या गृहस्थांनी माझा अर्ज दोनदा वाचला.

"विहीर खोदताय?"

"नाही."

"पाया? टाकी? शेततळं?"

"नाही."

"माती विकणार?"

"नाही. तिथंच टाकणार आणि नंतर खड्डा बुजवणार."

"मग खोदताय कशाला?"

"मशीन बघायला."

त्यांनी चष्मा काढला. "सर, खड्ड्याला कारण लागतं. तुमच्या खड्ड्याला कारण नाही."

शेजारच्या टेबलावर चौकशी केली, तर ते म्हणाले, बुजवायचाच असेल तर तो खड्डा धरताच येत नाही. आणि धरता येत नाही त्याला परवानगी कशी देणार? बराच ऊहापोह झाल्यावर 'पावसाचं पाणी मुरवण्यासाठी शोषखड्डा' असं कारण निघालं. वर त्यांनी माझं, समाजाने आदर्श घ्यावा असा नागरिक म्हणून अभिनंदनही केलं. मी मान खाली घालून ते स्वीकारलं.

चाचणीच्या दिवशी ट्रेलर कॉलनीच्या तोंडाशी आला आणि वळेना. ड्रायव्हरने मागेपुढे करत, लोकांच्या सूचना ऐकत, अखेर तो वळवला. तो डावीकडे घ्या असं म्हणणारे जास्त होते, म्हणून डावीकडे घेतला. डावीकडे आमच्या फाटकाचा खांब होता. खांब हळूच आडवा झाला. हिलालनाना म्हणाले, "पाया कच्चाच व्हता त्याना." माझ्या घराचा पाया कसा आहे हे मला माझ्या फाटकाच्या खांबावरून समजावून सांगितलं जात होतं आणि पोकलेन अजून खालीसुद्धा उतरलं नव्हतं.

उतरल्यावर मात्र त्याने बघत राहावं असं काम केलं. फुलसिंगने बकेट काळ्या मातीत घातली आणि तुपातून चमचा काढावा तशी वर काढली. धूर नाही, धाप नाही. सगळी कॉलनी जमली होती. शेठ खुर्ची टाकून बसले होते आणि मशीनकडे, ते आता तरी मोडेल का, अशा नजरेने बघत होते.

खड्डा चांगला खोल झाल्यावर मी महत्त्वाची कसोटी जाहीर केली. भरलेली बकेट उंच उचलून तशीच धरून ठेवायची. आतला दाब कुठे गळत असेल तर बकेट आपोआप खाली येऊ लागते. फुलसिंगने बकेट उचलली आणि तो खाली उतरून तंबाखू मळू लागला. आम्ही सगळे वर बघत उभे राहिलो.

काही घडत नाहीये, हे बघायला इतकी माणसं मी आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनालासुद्धा पाहिली नाहीत. रूपालीने चहा केला. तोही संपला. बकेट जागच्या जागी.

"खाले उनी!" नाना ओरडले. "मी देखी ना सोता!"

"नाना, हलली नाही."

"बोटभर उनी!"

दोन तट पडले. बकेट खाली आली म्हणणाऱ्यांचे पुढारी शेठ झाले, हे ओघानेच आलं. शेवटी रूपालीने शिवणकामाची टेप आणून दिली. शिडी लावून मी स्वतः मोजायला चढलो. मोजणार इतक्यात बकेटीतलं एक ढेकूळ सुटून माझ्या डोक्यावर पडलं. तरी मी थोड्या वेळाच्या अंतराने दोनदा मोजलं. बकेट हलली नव्हती. मी काळा होऊन खाली उतरलो आणि तसं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मशीनला.

आता बहुतेक सगळं सिद्ध झालं होतं. शेठ म्हणाले, "आजून खंदा." खोली वाढवली, लांबी वाढवली. मशीन बिघडेना. अखेर बिघडली ती कॉलनीची पाण्याची पाइपलाइन. ती आमच्या प्लॉटखालून जाते हे कोणालाच ठाऊक नव्हतं, टाकणाऱ्यांनासुद्धा नसावं. कारंजं उडालं आणि खड्डा भरायला लागला. 'शोषखड्डा' हा शब्द मला आठवला, पण त्याने बरं वाटलं नाही.

पाइपचा व्हॉल्व कुठे आहे ते शोधायला पुन्हा खोदावं लागलं. व्हॉल्व हिलालनानांच्या दारात निघाला. तिथे मशीन गेलं, तशी नानांची बायको धनुबाई बाहेर आली. "सर, मशीन दारशी उनंच शे, तं हाऊ बाभयना बुंधा बी काढी द्या," ती म्हणाली. बाभळीचा बुंधा एका हिसक्यात निघाला. मग पलीकडच्यांची गटार, त्यांच्या पलीकडच्यांचा शेणखताचा खड्डा, कोणाचा उंचवटा. प्रत्येक जण मला येऊन सांगे की हाही चाचणीचाच भाग धरा, सर. आमच्या खड्ड्यातून निघालेली काळी माती बागेला फार चांगली, असंही कोणी म्हणालं असावं. घमेली, टोपल्या, एक बैलगाडी. संध्याकाळपर्यंत मातीचा ढीग दिसेनासा झाला.

या सगळ्यात मी एकाच माणसाकडे नीट बघितलं नव्हतं. नवलसिंग सकाळी आला तेव्हा जमिनीकडे बघत होता. दुपारी तो मशीनकडे बघू लागला. व्हॉल्व सापडला तेव्हा तो फुलसिंगला खुणा करत होता. आणि संध्याकाळी लोणखेड्याचे दोन-तीन शेतकरी त्याच्याभोवती उभे राहून शेततळ्याचं विचारत होते, आणि तो मान वर करून, डोळ्यांत बघून बोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सौद्याला बसलो. रूपालीने पोहे केले होते. रात्रभर विचार करून शेठांनी अखेर एक खोड काढली होती: मशीनचा हॉर्न बारीक वाजतो. त्यावरून भाव कुठपर्यंत खाली आणता येईल याची त्यांनी मनात बांधणी केलेली होती. नवलसिंग आला तो हातात पेढे घेऊन. आल्या आल्या तो माझ्या पाया पडला. मी शिक्षक आहे, पाया पडणाऱ्याला उठवायची मला सवय आहे. त्याला उठवलं तर त्याचे डोळे भरलेले.

"सर, मी मशीन विकत नाही," तो म्हणाला. "सुरतवाल्याला फोन करून नाही म्हणून कळवलं. इथंच कामं मिळालीत. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, त्या सरांना आधी पेढे देऊन ये. मला कोणीच सांगितलं नव्हतं हो, मशीन चांगलं आहे म्हणून."

मला आनंद झाला, हे लपवत नाही. माझ्या शेजारी कोणीतरी पोह्यांची बशी फार सावकाश खाली ठेवली.

नवलसिंग गेल्यावर शेठांनी पेढ्याचा पुडा पुढे ओढला. ते मारवाडीत काहीतरी पुटपुटले. मग त्यांनी एक पेढा उचलला आणि खाल्ला. "सर, मालकनं मशीन मालकलेच इकं तुम्हीन," ते म्हणाले. "ज्यानं व्हतं, त्यालेच. इतला मोठा दुकानदार तं मी बी नही."

त्यानंतर काही दिवस भिंतीवरून त्यांचं डोकं वर आलं नाही. मला ते लागलं. बोलायला कोणी नव्हतं असं नाही. कॉलनीत रोज कोणी ना कोणी पाणी कधी येणार ते विचारत होतं. पाइपलाइन दुरुस्त झाली. खांब उभा राहिला, आधीपेक्षा थोडा वाकडा. पण खड्ड्याचं काय? बुजवायला माती नव्हती; ती सगळ्यांच्या मोगऱ्यांखाली होती, आणि मोगरे फार छान आले होते. शेवटी नवलसिंगला कळलं. त्याने दुसऱ्या कामावरचा मुरूम आणला, खड्डा भरून दिला आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. त्या दिवशी मशीनचा आवाज ऐकून भिंतीवर डोकं आलं.

"चांगलं चाली ऱ्हायनं," शेठ म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"दुसरं देखाले जावानं का?"

मी नुसतं हो म्हणून मान हलवली.

"पन एक अट शे," ते म्हणाले. "तुम्हीन तोंड उघडानं नही. देखा, हात लावा, चढा, उतरा. शबद नही. चांगलं निघनं तं फक्त मन्हाकडे देखानं."

नंदुरबारच्या बाहेर ललितभाई म्हणून एक विक्रेता आहे, हसतमुख, कोणाशीही गप्पा मारणारा. त्याच्याकडचं मशीन आम्ही बघायला गेलो. मी अट पाळली. इंजिनाला हात लावला, गप्प. ऑइल बघितलं, गप्प. चेन, सांधे, दांडे, बूमचं वाकण, सगळं बघितलं. मशीन सुंदर होतं. एका शब्दानेही मी ते बोललो नाही. चेहरासुद्धा मी परीक्षा चालू असताना वर्गात ठेवतो तसा ठेवला होता. सगळं संपल्यावर मी शांतपणे शेठांकडे बघितलं.

शेठांनी लगेच तोंड वाकडं केलं. "काही खास नही," ते ललितभाईला म्हणाले. "भाव बोला."

ललितभाई शेठांकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघून हसत होता.

"लोणखेड्याचे सर ना तुम्ही?"

मी अट आठवून गप्प राहिलो.

"तुमचं नाव फार ऐकलं. विसरवाडीला तुम्ही एका मशीनची खोड काढली ती हायवेभर ऐकू गेली. मशीनमध्ये जरा काही असेल तर सर जागेवर बोलतात, असं आमच्या लाइनीत सगळे सांगतात." मग तो शेठांकडे वळला. "आज सर बोललेच नाहीत. म्हणजे मशीनमध्ये काहीच नाही. मग भाव कशाला कमी करू, शेठ?"

आणि त्याने भाव वाढवला.

शेठांनी झगडायचं ते झगडून बघितलं. बाजार मंदा आहे, रंग उडालाय, आम्ही गरीब माणसं आहोत. ललितभाई प्रत्येक वेळी नम्रपणे माझ्याकडे हात करी: सर म्हणू देत की खोड आहे, आत्ता कमी करतो. शेवटी शेठ घाम पुसत माझ्याजवळ आले. त्यांनी हात जोडले.

"सर, आते तरी बोला. काहीतरी काढा."

मी परत मशीनला फेरी मारली. मनापासून शोधलं. सांधे पुन्हा हलवले, खाली वाकून साखळी बघितली, अगदी नानांसारखा बकेटीवर दगडसुद्धा मारून पाहिला. खोटं बोलता आलं असतं. ललितभाईने ते मानलंही असतं, आणि तेच मला जमेना. मी वर चढलो, ऑपरेटरच्या जागेवर बसलो आणि समोर बघत राहिलो. शेठ खालून माझ्याकडे डोळे लावून उभे होते.

"ललितभाई," मी म्हणालो.

"बोला सर!"

"सीटचं कव्हर फाटलंय."

ललितभाईचा चेहरा पडला. तो वर चढून आला, त्याने वाकून फाटलेली शिवण बघितली, बोट घालून बघितलं. "खरंय," तो म्हणाला. "हे माझ्या लक्षात नाही आलं. नवं टाकून देतो."

मशीन आम्ही घेतलं, त्याने सांगितलेल्या भावात. ते चांगलं चालतंय. परवा शेठांच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे पोकलेनचा विषय निघाला, तेव्हा मी तिथेच कुकर बघत होतो. शेठ माझ्याकडे हात करून अभिमानाने म्हणाले, "सौदामा कोनी एक खिळा बी सोडस नही. आमना सरनी आख्खं सीट कव्हर काढी लिनं!"